भाडं थांबवू नका, भोक दाखवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-पत्ता त्यांच्या सांगण्यावरून गाळतो. मजकूर थोडक्यात असा:

"सासऱ्यांच्या काळापासून, म्हणजे 1968पासून, आम्ही एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आहोत. भाडं महिना 600 रुपये. छपराला सागवानी वासे, वर कौलं, मधे माळा. दोन-तीन वर्षांत माळ्यावर खारींनी घरटी केली आणि खालच्या गटाराकडून घुशी-उंदीर चढू लागले. वाशी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या) रात्री माळ्यावर ठिणग्या उडाल्या, जळका वास आला. मुलाने मेन स्विच पाडला म्हणून वाचलो. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, एक वासा वीतभर काळा पडला. सगळं वायरिंग बदलायला इलेक्ट्रिशियन 46,000 रुपये सांगतो. मालक म्हणतात, वायर खारीने नाही, पोरांच्या मांज्याने कापली. वर हसून म्हणतात, सेतू बांधताना खारीने वाटा उचलला, आता खारीचा वाटा तुम्ही उचला. (फेब्रुवारीपासून आम्ही भाडं दिलेलं नाही.) मुलगा माळ्यावर विष ठेवायचं म्हणतो. त्याच्या गाडीचं वायरिंगही उंदरांनी खाल्लं, विमावाल्यांनी फोनवर नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या बिऱ्हाडाचीही हीच रड आहे. मी रोज सकाळी पहिली पोळी गॅलरीत खारींसाठी ठेवते, त्याचा काही दोष लागेल का?"

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य कंसात आहे. खारी, घुशी, ठिणग्या, मालकाचा टोमणा हे सगळं तुम्ही ठसठशीत लिहिलंत आणि भाडं बंद केल्याची गोष्ट जाता जाता. मी पत्र उलट्या बाजूने वाचतो. वकिलीने सवयच लागली आहे.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. पाच महिने झाले. तुमचं घर 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली येतं. जुन्या मुंबई राज्याचा हा कायदा, राज्य दुभंगल्यावर गुजरातच्या वाट्याला आला, आणि बडोद्यातल्या वाड्यांमधली आपली निम्मी मराठी बिऱ्हाडं आजही त्याच्याच आधारावर उभी आहेत. या कायद्याचं कलम 12 म्हणतं, भाडेकरू रीतसर भाडं देतोय तोवर मालकाला थकबाकीच्या नावाखाली त्याला बाहेर काढता येत नाही. पण थकबाकी सहा महिन्यांची झाली, मालकाने लेखी नोटीस दिली आणि नोटिशीनंतरच्या महिन्याभरातही पैसे भरले नाहीत, तर तेच कलम उलटतं. मग कोर्टापुढे "छप्पर गळत होतं, खारी नाचत होत्या" हे कितीही सांगितलं तरी न्यायाधीशांच्या हातात फारसं काही उरत नाही. दुरुस्ती न करणं हा मालकाचा दोष असेल, पण भाडं न देण्याची ती परवानगी होत नाही. पन्नासहून अधिक वर्षांचं बिऱ्हाड 3,600 रुपयांसाठी गेलेलं मी पाहिलेलं नाही, पण त्याच्या जवळपास गेलेली दोन पाहिली आहेत.

तेव्हा पाच महिन्यांचे 3,000 रुपये याच आठवड्यात मालकाच्या खात्यात बँकेतून पाठवा. रोख नको. मालक पावती देत नाहीत असं तुम्ही दुसऱ्या पानावर म्हटलंच आहे. बँकेच्या ट्रान्सफरमध्ये शेऱ्याच्या जागी "फेब्रु ते जून भाडे" एवढं लिहायला विसरू नका. खातेक्रमांक मिळत नसेल तर त्यांना लेखी मागा आणि सोबत चेक पाठवा. चेक परत आला तर ते पाकीट न फोडता जपून ठेवा, पुढे कामाला येतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचं भांडण खारीशी आहे असं तुम्ही धरून चालला आहात, आणि मालकालाही ते सोयीचं आहे. खार देवाची, घूस महानगरपालिकेची, मांजा पोरांचा, त्यात मालक कुठेच येत नाही! कोर्टात खारीवर दावा लावता येत नाही. पण खार आत शिरली ती कुठून? तुम्हीच लिहिलंय: वळचणीची फळी सडून पडली आहे, उत्तरेकडची चार कौलं फुटली आहेत, आणि खालच्या मोरीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट निखळून मूठभर भोक झालंय. हे तिन्ही इमारतीचे दोष आहेत. कलम 23 प्रमाणे घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची. म्हणून इथून पुढे तुमच्या कोणत्याही कागदावर "खारींचा त्रास" हे शब्द मथळ्यात नकोत. मथळा असा: वळचण, कौलं आणि मोरीची दुरुस्ती न केल्यामुळे झालेलं नुकसान. खार आली तर खाली, परिणामांच्या यादीत.

नोटीस गुजरातीतून द्या. मराठीतून दिली तर चूक नाही, पण उद्या कागद कोर्टात गेला की भाषांतराचा खर्च तुमच्याच माथी. नोटिशीत वाड्याची ओळख, केव्हापासून भाडेकरू, भाडं किती आणि कधीपर्यंत भरलं (म्हणून आधी पैसे पाठवा म्हणतो), तीन दोष नेमक्या जागांसह, उत्तरायणाच्या रात्रीची घटना, आणि शेवटी सरळ मागणी: नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती सुरू करा, नाहीतर आम्ही स्वतः करून घेऊन कायद्याने देय असलेली रक्कम भाड्यातून वळती करू. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुदत देऊ नका, कायद्याने किमान तेवढी दिली पाहिजे. आम्हा वकिलांच्या तोंडातून "आरपीएडी" (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) हा शब्द अजून जात नाही, पण 1 सप्टेंबर 2025पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या, आणि तोच मजकूर मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. निळ्या खुणा उमटल्या की त्याचा फोटो काढा.

शेजारच्या बिऱ्हाडालाही नोटिशीवर सही करायला सांगा. एकाच छपराखालच्या भाडेकरूंना एकत्र नोटीस देता येते, एकत्र दुरुस्ती करून खर्च वाटूनही घेता येतो. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, एका बाईचं पत्र मालक खिशात घालतो, दोन बिऱ्हाडांचं पत्र घेऊन तो वकिलाकडे जातो. वकील त्याला बहुधा दुरुस्ती कर असंच सांगेल.

मांज्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बडोद्यात उत्तरायणानंतर महिनाभर तारांवर मांजा लोंबत असतो. कोर्टात हे ऐकायला पटण्यासारखं वाटतं, आणि तारीखही नेमकी तीच पडली आहे. उत्तर तुमच्या वायरीतच आहे. मांज्याने घासलेली वायर एका रेषेत, आडवी कापलेली असते. कुरतडलेल्या वायरीचं प्लॅस्टिक कडेकडेने, शेंगेचं साल सोलावं तसं निघालेलं असतं. भिंगातून पाहिलं तर दोन-दोन दातांच्या जोड्यांचे बारीक चर दिसतात, आणि तांबं उघडं पडूनही बऱ्याचदा तुटलेलं नसतं. शिवाय तुमची वायर माळ्याच्या आत जळली. तिथे मांजा कुठून आला, हे मालकांनीच सांगावं.

म्हणून इलेक्ट्रिशियनने कापून काढलेला तुकडा कुठे आहे ते आधी शोधा. पत्रात त्याचा पत्ता नाही. माझ्याकडच्या एका प्रकरणात अशिलाने घराची साफसफाई करताना जळकी वायर भंगारवाल्याला दिली होती. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला, "वायर कुठे आहे?" आणि खाली बसले. तुमचा तुकडा सापडला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तारीख टाका. नाही सापडला तर माळ्यावर अजून कुरतडलेल्या वायरी असणारच. मेन बंद करून, शेजारच्यांना सोबत घेऊन फोटो काढा. फोटोत लेंड्या, घरट्यातला कापूस, नारळाच्या शेंड्या आणि फुटलं कौल एका चौकटीत आलं तर उत्तम. इलेक्ट्रिशियनच्या बिलावर "वायरिंग बदलले" एवढंच लिहून घेऊ नका. "माळ्यावरील वायर प्राण्यांनी कुरतडल्याने उघडी पडून शॉर्ट झाली" असं त्याच्या हातचं वाक्य, तारीख आणि सही घ्या. तो कुरकुर करेल. चहा पाजा, पण घ्याच.

आता पैशाचं. इथे तुमची निराशा होणार आहे. दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून वळती करायला कायदा मुभा देतो, पण वर्षाच्या भाड्याच्या ठरावीक हिश्श्यापुरतीच. तुमचं वर्षाचं सगळं भाडं 7,200. त्याचा हिस्सा म्हणजे कौलांची आणि वळचणीची मजुरी फार तर निघेल. 46,000 त्यातून निघायचे नाहीत, तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंतसुद्धा नाही. त्यामुळे तिन्ही भोकं बुजवण्याचा खर्च या वाटेने काढा, आणि वायरिंगसाठी मालकाशी स्वतंत्र लेखी समझोता करा. अर्धा खर्च त्यांचा, अर्धा तुमचा, असं मी तुमच्या जागी असतो तर पदरात पाडून घेतलं असतं. मालक ताठ राहिले तर नुकसानीचा दावा आहेच, त्याला तीन वर्षांची मुदत आहे, फ्रिजही त्यातच येईल. पण दाव्याचा खर्च आणि तारखांची वर्षं मोजूनच पायरी चढा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी मला दिसते. वाडा दांडिया बाजारात, जागा मोक्याची, भाडं 600. अशा मालकाला उंदीर नको असतात असं तुम्हाला वाटतं का? घर राहण्याच्या लायकीचं उरलं नाही की भाडेकरू आपणहून उठतो. उंदीर म्हणजे मालकाचे फुकटचे मजूर झाले. म्हणूनच महानगरपालिकेकडे तक्रार करताना शब्द जपून वापरा. रागाच्या भरात कोणी महानगरपालिकेच्या निर्भयता शाखेत (धोकादायक इमारती पाहणारं खातं) "वाडा धोकादायक आहे" असा अर्ज टाकतं, चोमासा लागायच्या आधी जर्जरित इमारतींना नोटिसा निघतातच, आणि मग पाडण्याचा विषय सुरू होतो. मालकाला आयतं कोलीत! तक्रार द्यायची तर गटाराची आणि घुशींच्या बिळांची द्या. इमारतीची नको. (वाडा खरोखर पडायच्या बेतात असेल, भिंती फुगल्या असतील, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी जीव वाचवा.)

दुरुस्ती होईपर्यंत काय? पावसाळा तोंडावर आहे, उघड्या तांब्यावर ओल चढली की पुढची रात्र उत्तरायणासारखी सुटणार नाही. माळ्यावरचं वायरिंग मेनपासून तोडून टाका आणि दोन खोल्यांपुरती तात्पुरती वायर भिंतीवरून, लोखंडी पाइपातून घ्या. मेनजवळ 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवा. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. भोकांवर जस्ताची बारीक जाळी स्क्रूने लावा, फोम किंवा बोळे नकोत, ते उंदीर एका रात्रीत काढतात. उंदराच्या पिल्लाला करंगळीएवढी फटही पुरते. फक्त विटा-सिमेंटचं पक्कं बांधकाम लेखी परवानगीशिवाय करू नका. कलम 13 खाली तेच ताबा मागायचं कारण होऊ शकतं. मीटरपर्यंतच्या तारेत काही दिसलं तर ते वीज कंपनीचं काम, तुमच्या खिशातलं नव्हे. आपण सगळे अजून तिला जीईबीच म्हणतो, तक्रार मात्र एमजीव्हीसीएलच्या नावाने नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मालकाने चिडून वीज तोडली तर कलम 24 आहे, दुसऱ्याच दिवशी या.

मुलाला सांगा, विष नाही. पत्रात त्याने कुठली पुडी आणली ते लिहिलेलं नाही, पण बाजारात मिळणाऱ्या झिंक फॉस्फाइडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. तो उंदीर आणि शेजारचं मांजर यांत फरक करत नाही. सामाईक माळ्यावर असं विष उघडं ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 286 खाली निष्काळजीपणाचा गुन्हा होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि माळ्यावर खार आहे. ज्या गावात पावसाळ्यात विश्वामित्री नदीतली मगर रस्त्यावर येते आणि लोक वन विभागाला फोन लावतात, त्या गावात वन्यजीव कायदा समजावून सांगायला नको. त्या कायद्याच्या व्याख्येत विष घालणं, फास लावणं, सापळ्यात धरणं हे सगळं शिकारच. संरक्षित प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठीवर पाच पट्टे असलेली आपली खार जुन्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षितांच्या यादीत, होती. उंदीर तेव्हा पाचव्या अनुसूचीत, कावळ्यांच्या आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून. 2022च्या दुरुस्तीने ती पाचवी अनुसूचीच गेली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे. पण त्यामुळे खारीला मारायची मोकळीक मिळाली असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

उंदरांसाठी पिंजरा ठेवा, रोज सकाळी पाहा. गोंदाचे पुठ्ठे आणू नका, प्राणी कल्याण मंडळाने त्याविरुद्ध राज्यांना वारंवार कळवलं आहे. क्रूरतेच्या 1960च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये आहे, त्यात एक चहा-नाश्ता येत नाही, पण पोलीस चौकीत दिवस जातो तो जातोच. चिचुंद्रीला मात्र उगाच बदडू नका. ती किडे खाते, वायरीशी तिचं काही वैर नाही. खारींच्या घरट्यात पिल्लं असतील तर ती बाहेर पडेपर्यंत जाळी लावायची थांबा. आत अडकून मेली तर वास तुम्हालाच, आणि आई दुसरीकडून कुरतडून आत शिरेल ते वेगळं.

गाडीचं थोडक्यात. फोनवरचा नकार म्हणजे नकार नव्हे. दावा लेखी करा, नकार कारणासह लेखी मागा. तो मिळाला किंवा कंपनीने महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत तक्रार करा. फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही. आमच्या धंद्याचं नुकसान, तुमचा फायदा. पॉलिसीतलं "यांत्रिक वा विद्युत बिघाड" हे वगळलेलं कलम ते दाखवतील. तुम्ही म्हणा, बिघाड आतून झालेला नाही, बाहेरच्या प्राण्याने केलेली नासधूस आहे. सर्व्हिस सेंटरकडून कुरतडलेल्या भागाचे फोटो आणि लेखी शेरा घेतला असेल तर या म्हणण्याला जोर येतो. तिथेही जमलं नाही तर ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही.

राहिली पोळी. दोष लागेल का, असं विचारलंत. पोळी घातल्यावर गुन्हा होत नाही. पण ताई, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असताना समोरचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील: "रोज सकाळी गॅलरीत खारींना खायला कोण घालतं?" तुम्ही खोटं बोलणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. तेव्हा निदान वळचण नीट होईपर्यंत गॅलरी बंद. पोळी घालायचीच तर सयाजीबागेत घाला, तिथल्या खारींना कोणाच्या मीटरशी घेणंदेणं नाही. आणि पैसे ट्रान्सफर झाल्याची प्रत मला पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यानंतर.